पूर्ववत म्हणजे कशी?

बाईंना लिहिलेलं ऐकायची वाईट खोड होती. सांगितलेलं त्या फारसं ऐकत नसत, त्याबद्दल त्यांच्या साहेबांनाच विचारा. पण कुठं काही लिहिलेलं दिसलं की त्यात जे म्हटलं असेल तेवढंच आणि तसंच करून मोकळ्या व्हायच्या. मग लिहिणाऱ्याची कितीही फजिती होवो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीतून. रत्नागिरीत एका शाळेच्या सभागृहात आम्हा प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं होतं. 'विद्यार्थ्यांमधील व्यावहारिक साक्षरता कौशल्यांचे विकसन, टप्पा दुसरा' असं त्याचं भारदस्त नाव. पहिला टप्पा आदल्या वर्षी हायस्कूलवाल्यांच्या वाट्याला आला होता, या वेळी आम्ही तावडीत सापडलो होतो. मी घाटावरचा, कोल्हापूरकडचा, नोकरी लागल्या दिवसापासून बदलीची वाट बघणारा. प्रशिक्षण म्हणजे चहा, बटाटावडा, हजेरीची सही आणि ग्रुपवर टाकायचे फोटो, एवढी माझी समज पक्की होती. संयोजकांनी दारावर कागद चिकटवला होता, 'उशिरा येणाऱ्यांनी आत येऊ नये.' तो अर्थातच आमच्यासाठी होता. झालं असं की उशीर तज्ज्ञ मार्गदर्शकांनाच झाला. बाई आल्या, त्यांनी कागद वाचला आणि त्या बाहेरच थांबल्या. संयोजक हात जोडून बोलवायला गेले तर म्हणाल्या, तसं लिहिलेलं नाही. मग व्हरांड्यात उभं राहून, खिडकीचे गज धरून त्यांनी पहिला तास घेतला. गजांच्या आत आम्ही, बाहेर त्या. कोण कुणाला भेटायला आलंय तेच समजेना. चहाच्या सुट्टीत संयोजकांनी स्वतःच्या हातानं तो कागद फाडला तेव्हा कुठं बाई आत आल्या.

जवळून पाहिल्यावर फार काही वेगळ्या दिसत नव्हत्या. उंच, काटकुळ्या, निवृत्तीला आलेल्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, उन्हातही छत्री. खांद्याला एक कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत जगभरचा कचरा. गोळ्यांची रिकामी पाकिटं, खताच्या पुडीचं वेष्टन, कुकरच्या रिंगसोबत येतो तो सूचनांचा चिटोरा, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. हे त्यांचं शैक्षणिक साहित्य. आमच्यातल्या एका शिक्षिकेनं रंगीत कार्डांचे, मणी लावलेले सुरेख तक्ते करून आणले होते. बाईंनी ते कौतुकानं बघितले आणि विचारलं की हे वाचून पोरगं आजीला तापाची गोळी देऊ शकेल का. ती शिक्षिका दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही.

त्यांचा एकच प्रश्न असायचा. तुम्ही काहीही लिहून दिलंत की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "वाचलं. आता मी काय करू?" दुसऱ्या दिवसापासून सगळं सभागृह त्यांना आपसात 'आता-काय बाई' म्हणायला लागलं होतं. हे त्यांच्या कानावर गेलं असणार, पण तोंडी गोष्टींकडे त्यांचं लक्षच नसे.

शुद्धलेखनाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. आमच्यातले एक ज्येष्ठ गुरुजी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत फार कडक. त्यांनी उभं राहून विचारलं की मग व्याकरणाचं काय करायचं. बाई म्हणाल्या, "पोरानं 'पाणि' लिहिलं तरी त्याला तहान लागलीय ते मला कळतं. 'उपरोक्त' लिहिलं की मला काहीएक कळत नाय." गुरुजी खाली बसले, पण त्यांचा चेहरा सोयरिक मोडल्यासारखा झाला होता.

माझी फजिती बांगड्यानं केली. प्रत्येकानं एखादी पाककृती लिहायची होती. मला येत होता फक्त चहा, पण इथल्या लोकांवर छाप पाडावी म्हणून मी शेजारणीला विचारून बांगड्याचं तिखलं लिहिलं. सुरुवातच झोकात केली होती, 'प्रथम बांगडे साफ करून घ्यावेत.' दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतून बांगडा काढला. खराखुरा, मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेला. तो माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, करा साफ. मी तो नळाखाली धरला, चांगला चोळून धुतला, रुमालानं पुसला आणि कल्ले-आतड्यांसकट चकचकीत करून परत दिला. सभागृहातल्या यच्चयावत स्थानिक बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, यांनी कागदाप्रमाणं केलंय, चूक कागदाची आहे. मला फार बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की कागदही माझाच होता.

त्या ज्येष्ठ गुरुजींचं तर याहून भारी झालं. एकानं सभागृहापासून कुठल्याही ठिकाणाचा रस्ता लिहायचा आणि दुसऱ्यानं तो कागद घेऊन तिथं जाऊन यायचं, असा खेळ होता. गुरुजींच्या वाट्याला आलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'सरळ खाली जावे. आंब्याकडून वळावे. पुढे कुणालाही विचारावे.' रत्नागिरीत आंब्याकडून वळायचं म्हणजे कुठंही वळायचं. गुरुजी खाली गेले, एका आंब्याकडून वळले आणि समोरून आलेल्या 'कुणालाही' विचारलं. तो कुणीही निघाला होता साखरपुड्याला. दुपारी आमची जेवणं आटोपल्यावर गुरुजी हातात नारळ घेऊन, तोंडात विडा घोळवत परत आले. रस्त्याबद्दल ते काही सांगू शकले नाहीत, जिलेबीबद्दल मात्र भरभरून बोलले. कुठं पोचायचं तेच त्या कागदावर नव्हतं हे बाईंनी दाखवल्यावर लिहिणाऱ्यानं कपाळावर हात मारला.

असं सगळं मजेत चाललं असताना बाईंनी फर्मान काढलं की आता खोटंखोटं पुरे, कुणाकडं खरं काम असेल तर सांगा. असं काम की लिहिलेलं चुकलं तर कुणाचं तरी नुकसान होईल. आम्हाला नमुना प्रश्नांची सवय होती. मग मी उठलो आणि सानिकाबद्दल सांगितलं.

सानिका माझ्या वाडीतली. सातवीपर्यंत माझ्याच शाळेत होती. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी पोरगी. गेल्या वर्षी आठवीसाठी ती आणि वाडीतल्या आणखी काही मुली लांबच्या हायस्कूलला जायला लागल्या. सकाळी चालत जायच्या, संध्याकाळी पावणेसहाच्या वस्तीच्या गाडीनं घरी यायच्या. वस्तीची गाडी म्हणजे जी रात्री आमच्या वाडीलाच मुक्काम करते आणि सकाळी परत फिरते. ती गाडी बंद झाली. जंगलाची वाट, त्यात बिबट्या फिरतो अशी बोलवा, त्यामुळं एकेक पोरगी घरी बसायला लागली. सानिकाची आई मला म्हणाली होती, "पोरींना गाडी मिळत नाय हो गुरुजी. काळोख होतो. बस झाली ती शाळा." सानिकाच्या मुंबईच्या चुलतीला नुकतंच मूल झालं होतं. ती गणपतीला गावी येणार होती आणि जाताना बाळ सांभाळायला सानिकाला घेऊन जाणार होती. घरात तसं ठरलंच होतं. गणपती तोंडावर आले होते.

बाई पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, लिहा अर्ज. गाडी परत सुरू करण्यासाठी प्रत्येकानं एसटीच्या डेपोला अर्ज लिहायचा.

आम्ही शिक्षक. अर्ज लिहिणं आमच्या रक्तात. सगळ्या माना खाली गेल्या आणि पेनं सरसर चालायला लागली. माझा अर्ज दोन पानी झाला, त्यातलं दीड पान स्त्रीशिक्षणावर होतं. लिहिताना माझंच मन भरून आलं. बाईंनी सगळे अर्ज गोळा केले, खिडकीशी उभ्या राहून वाचले, पिशवीत कोंबले आणि संध्याकाळी मला बरोबर घेऊन डेपोत गेल्या.

तिथले कंट्रोलर म्हणजे एक थकलेला, पण शांत माणूस. त्यांनी वरचा अर्ज वाचला. मग त्याखालचा. मग त्याखालचा. पुढचे नुसते चाळले. मग चष्मा काढून विचारलं, "कुठली गाडी?"

मी म्हटलं, अर्जात आहे. त्यांनी एक अर्ज माझ्यासमोर धरला. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर गाडी बंद झाल्यामुळे विद्यार्थिनींची गैरसोय होत असून, तरी सदर गाडी पूर्ववत सुरू करावी, ही नम्र विनंती.' दुसरा धरला, तोही तसाच. सगळे तसेच. गाडीची वेळ नाही, कुठून कुठं ते नाही, मुली कुठं चढतात ते नाही. माझ्या दीड पानाच्या स्त्रीशिक्षणातही ती गाडी कुठं सापडेना. बाईंनी हे सगळं सभागृहातच वाचलं होतं. मुद्दाम तसंच आणलं होतं.

मी तोंडी गाडी सांगितली. त्यांनी संगणकावर काहीतरी बघितलं आणि म्हणाले की ती वस्ती दुसऱ्या गावाला हलवली आहे. यंदा शाळा सुरू झाल्यापासून हायस्कूलच्या थांब्यावर त्या गाडीत कुणीच चढत नव्हतं. वाडीच्या फाट्याच्या पुढं ती रिकामीच जायची. मग त्यांनी अर्जांच्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं.

"सगळ्यांनी लिहिलंय, पूर्ववत सुरू करावी. पूर्ववत म्हणजे कशी, मॅडम? रिकामी?"

बाईंच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. लिहिलेलं जसंच्या तसं ऐकणारा दुसरा माणूस त्यांना उभ्या जन्मात पहिल्यांदा भेटत असावा. दोघं बराच वेळ बोलत बसले. माणसं चढणार असतील तर गाडी परत लावून बघू, असं कंट्रोलरनी कबूल केलं. वेळ मात्र बदलता येणार नव्हती, कारण ती गाडी कॉलेजची मुलं घेऊन निघते आणि ती वेळ हलवली तर त्यांची पंचाईत. निघताना बाईंनी सगळे अर्ज परत मागून घेतले. वाचायला कामाचे नाहीत, पण पाठकोरे आहेत म्हणाल्या.

मला एकच कळत नव्हतं. मुलींना गाडी हवी होती, तर त्या चढत का नव्हत्या?

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रशिक्षण लवकर आटोपलं आणि माझ्या मोटारसायकलवर मागं बसून हायस्कूलला निघाल्या. वाटेत दिसेल ती पाटी वाचत होत्या. 'सावकाश जा' दिसलं की माझ्या पाठीत छत्री टोचायच्या आणि मला सावकाश जायला लावायच्या. आम्ही पोचलो तेव्हा साडेपाचची घंटा होत होती. थांब्यावर उभे राहिलो. घंटा झाली, पण शाळेतून एकही मूल बाहेर आलं नाही. पावणेसहा झाले. गाडी असती तर तेव्हा आली असती आणि रिकामी गेली असती. शाळा मात्र आत गुणगुणत होती.

आम्ही आत गेलो. मुख्याध्यापक बाईंना बघून धावतच आले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमचा वाचनाचा अर्धा तास आम्ही जूनपासून कसोशीनं पाळतो. सहा वाजल्याशिवाय एकाही पोराला सोडत नाय."

बाई वर्गांच्या दारांवरून हळूहळू चालत गेल्या. मुलं वाचत होती. कुणी गोष्टीचं पुस्तक, कुणी जुनं वर्तमानपत्र, कुणी बिस्किटाचा पुडा. पहिल्या टप्प्यात बाईंनी हायस्कूलच्या शिक्षकांना हेच सांगितलं होतं. रोज अर्धा तास, हवं ते वाचायचं, त्यावर प्रश्न नाही, मार्क नाही. सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या आणि घरी गेले होते. फक्त या एका शाळेनं ते मनावर घेतलं होतं. आणि शाळा सुटायच्या वेळेनंतर घेतलं होतं.

सानिकाच्या आईचं बोलणं मला तेव्हा नीट कळलं. पोरींना गाडी मिळत नाय, म्हणजे गाडी बंद आहे असं मी धरून चाललो होतो. ती सांगत होती की गाडी चुकते. आधी पोरींची गाडी चुकायला लागली, मग रिकामी धावते म्हणून ती हलली. मी रोज पाच वाजता मोटारसायकलला किक मारून रत्नागिरीला पसार होणारा माणूस, मला संध्याकाळच्या गाडीचं काय ठाऊक असणार? घाटावरच्या कानांनी कोकणातलं बोलणं ऐकलं की असं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण हे कारण कोल्हापुरातही चाललं नसतं.

बाईंनी मुख्याध्यापकांसमोर बसून सगळे मार्ग काढून बघितले. सकाळी घ्या म्हणाल्या, तर सकाळी अर्धी शाळा चालत येते, तिला आणखी लवकर कोण बोलावणार? मधल्या सुट्टीत जेवण असतं. एखादा तास कापायचा तर वरून विचारणा होते. मग मुख्याध्यापकच म्हणाले, सोपं आहे, वाडीच्या तेवढ्या मुलींना साडेपाचला सोडतो, बाकीचे वाचतील. मला वाटलं, सुटलो.

"म्हणजे जे लांबून येतात त्यांनी वाचायचं नाय," बाई म्हणाल्या. "हे माझ्या तासाच्या नावावर नको."

त्यांनी पिशवीतून एक पाठकोरा अर्ज काढला आणि मागच्या बाजूला मुख्याध्यापकांच्या नावे लिहिलं. शाळा साडेपाचला सोडावी, वाचनाचा अर्धा तास उद्यापासून बंद करावा, कारण त्यामुळं मुलींची पावणेसहाची गाडी चुकते. मुख्याध्यापक हिरमुसले. वर काय कळवू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी खाली ठळक सही केली आणि म्हणाल्या, माझ्या नावानं कळवा. तो कागद वाचून कुणाला काहीही विचारायची गरज नव्हती.

परतताना त्यांनी एकही पाटी वाचली नाही. मी वेगात जात होतो, तरी छत्री टोचली नाही. बरंच अंतर गेल्यावर मागून म्हणाल्या, "एवढी वर्षं मी सांगत फिरत्ये. एकाच ठिकाणी कुणी ऐकलं होतं." मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं की पुढच्या टप्प्यात दुसरी शाळा ऐकेल. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

गणपतीच्या आधी गाडी परत वाडीला यायला लागली. मुली पुन्हा शाळेत गेल्या. चुलती आली, मोदक खाल्ले, चार दिवस रागावून बसली आणि एकटीच मुंबईला गेली. सानिकाच्या आईनं तिला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण ठाम सांगितलं असणार. प्रशिक्षण केव्हाच संपलं होतं. ग्रुपवर फोटो पडले होते, प्रमाणपत्रं मिळाली होती. त्यावर 'सदर प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले' असं छापलेलं होतं. बाईंना ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

सप्टेंबर संपता संपता बाईंचा मला फोन आला. गाडी खरंच भरते का, ते त्यांना स्वतः बघायचं होतं. मोटारसायकल वाडीच्या शाळेतच ठेवून मी चालत हायस्कूलच्या थांब्यावर गेलो, बाई तिथं आधीच येऊन उभ्या होत्या. साडेपाचला घंटा झाली आणि पोरं भसकन बाहेर आली. पावणेसहाला गाडी आली, मुली चढल्या, मागोमाग आम्ही चढलो. बाईंना पुढं फाट्यावर उतरून रत्नागिरीची गाडी धरायची होती. त्यानंतर तिकडं जाणारं काहीही नव्हतं. सानिका आमच्या पुढच्या बाकावर बसली. बाई कोण, हे तिला माहीत नव्हतं. गुरुजींच्या ओळखीच्या कुणी मॅडम, एवढंच. बाईंनी तिला विचारलं, आता वेळेवर मिळते का गाडी.

"मिळते की," सानिका म्हणाली. मग मान वळवून बसली. "पण मॅडम, आमचा वाचायचा तास होता, तो बंद केलानी. तेवढाच एक तास बरा होता. माझी गोष्ट अर्धीच ऱ्हायली. ज्यानं बंद केलान ना, त्याला काय कळत नाय."

मी तोंड उघडलं. बाईंनी छत्रीची मूठ माझ्या गुडघ्यावर दाबून ठेवली.

"खरंय गो बाय," त्या म्हणाल्या. "त्याला काय कळत नाय. तू कुठली गोष्ट वाचत होतीस ते सांग."

सानिका सांगायला लागली. एक बाई असते, ती होडी घेऊन एकटीच खाडीपलीकडं निघते, आणि मध्येच ओहोटी लागते, आणि होडी चिखलात बसते. पुढं काय झालं ते वाचायचं राहिलं होतं, म्हणून पुढचं ती स्वतःच रचत होती. रोज थोडं थोडं रचून बरंच पुढं गेली होती. बाई पुढं वाकून, बाकाच्या दांडीला धरून ऐकत होत्या. आपला तो प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. फाटा आला. कंडक्टरनं बेल मारली, फाटा फाटा म्हणून ओरडला. माझा हात बाईंच्या खांद्याकडं गेला आणि मी तो मागं घेतला. कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडी आमच्या वाडीच्या रस्त्याला वळली, आणि बाईंची रत्नागिरीची गाडी चुकली.